मदत हवी आहे: अमेरिकन कॉलेज कॉन्फरन्स टीव्हीच्या ऑफर तोलतात कशा?

स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या असाइनमेंटसाठी पॅक-१२ ची केस घेतलीये. (कॉन्फरन्स म्हणजे आपसात मॅचेस खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट; पॅक-१२, बिग १२, बिग टेन हे असेच गट.) बिग १२ ने ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी करार वाढवून घेतला, बातम्यांनुसार प्रत्येक युनिव्हर्सिटीला वर्षाला सरासरी ३१.७ मिलियन डॉलर. पॅक-१२ वाट बघत बसली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आली अ‍ॅपलची ऑफर, खात्रीची रक्कम कमी, वरचे पैसे सबस्क्रिप्शन किती विकली जातात त्यावर, मॅचेस मुख्यतः स्ट्रीमिंगवर. मग ओरेगन, वॉशिंग्टन या पॅक-१२ मधल्या युनिव्हर्सिटी बिग टेनला गेल्या आणि खेळ खल्लास. (यूएससी-यूसीएलए या दोन युनिव्हर्सिटी त्याआधीच निघाल्या होत्या, ते माहितीये, प्लीज तिथून सुरू नका करू.)

बातम्या भरपूर वाचल्या, कॉन्फरन्सचे फॉर्म ९९० (ना-नफा संस्थांचं वार्षिक टॅक्स विवरण) पण चाळले, पण त्यात कुणाला किती वाटले एवढंच कळतं. शेवटचं मत युनिव्हर्सिटींच्या प्रेसिडेंट-चान्सलरांचं असतं हेही ठाऊक आहे.

अडलंय ते इथे: टीव्हीवर दिसण्याचा फायदा, म्हणजे रिक्रूटिंग (चांगले खेळाडू मिळवणं) वगैरे, हे लोक डॉलरमध्ये मोजतात की नुसतं अंदाजपंचे? आणि सबस्क्रिप्शनवर अवलंबून असलेली रक्कम हिशोबात धरतात कशी? पेड डेटाबेस परवडत नाहीत, तर सरकारी युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सच्या (नियामक मंडळाच्या) मीटिंगचे कागद वगैरे फुकटात कुठे मिळतील?