नव्या चालकाचे बिनपगारी ट्रेनिंग आणि यार्डाची कामे: मजुरी मागता येते का?

प्रश्न (हिंगणा, नागपूर)

माझा धाकटा भाऊ अलीकडेच वाडीतील एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर चालक म्हणून लागला. त्याच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे आणि बुटीबोरीच्या पट्ट्यात टिप्पर चालवल्याचा अनुभवही आहे. तरीही कंपनीने त्याला सांगितले, की आधी जुन्या चालकासोबत रायपूर आणि हैदराबादच्या फेऱ्या करून रस्ता, पार्ट्या (माल पाठवणारे-घेणारे ग्राहक) आणि कागदपत्रे समजून घ्यावीत, आणि तोवर पगार नाही, केवळ खुराकी मिळेल. फेरी नसेल त्या दिवशी त्याला सकाळीच यार्डात हजर राहावे लागते. गाड्या धुणे, ग्रीसिंग, टायरची हवा पाहणे, ताडपत्री ओढून रस्सी बांधणे आणि भरलेला ट्रेलर धर्मकाट्यावर (गाडीचे वजन करण्याच्या काट्यावर) नेऊन आणणे, ही सगळी कामे त्याच्याकडेच असतात. मजुरीचा विषय काढला, की "चाक फिरेल तेव्हा भत्ता सुरू होईल" असे मुनीमजी सांगतात. नेमणुकीचे पत्र दिलेले नाही आणि मूळ परवाना ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतला आहे. हे असेच चालते का, की या दिवसांची मजुरी त्याला मागता येते?

उत्तर १ (चालक, अमरावती रोड)

चालते, हे खरे आहे. पण पूर्वी ते वेगळ्या रीतीने चालत असे. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर जायचा, उस्तादाच्या हाताखाली गाडी आणि रस्ता दोन्ही शिकायचा, आणि थोडा का होईना, क्लीनरचा पगार त्याला मिळायचा. आता खर्च वाचवण्यासाठी बहुतेक मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केले, मात्र क्लीनरची कामे कुठे गेली नाहीत. ती नव्या चालकाच्या गळ्यात पडली आणि त्यांना ट्रेनिंग हे नाव मिळाले. तुमच्या भावाला ग्रीसिंग शिकवण्याची गरज नाही, टिप्परवाल्याला ते येतेच.

परवाना मात्र उद्याच्या उद्या परत घ्यायला सांगा. धर्मकाटा यार्डाच्या बाहेर असेल, तर तो सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवतो आहे आणि पोलिसांनी मागितल्यावर परवाना दाखवण्याची जबाबदारी त्याची आहे. ऑफिसला नोंद हवी असेल तर झेरॉक्स द्यावी. रस्त्यावर डिजिलॉकरमधील परवाना ग्राह्य धरला जातो, तो मोबाइलवर उतरवून ठेवावा.

उत्तर २ (चार गाड्यांचा मालक, कापसी)

मालकाची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून लिहितो. अनोळखी माणसाच्या हातात कर्जाची गाडी आणि पार्टीचा माल देण्यापूर्वी त्याची चाचणी घेणे रास्त आहे. शिवाय एखाद-दुसरी फेरी शिकून माणूस शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये जातो, हा अनुभव आम्हा सगळ्यांना आहे. परंतु चाचणी ही तासा-दोन तासांची असते. कित्येक दिवस यार्डात राबवून घेण्याला मी चाचणी म्हणणार नाही. मी स्वतः नव्या चालकाची हजेरी पहिल्या दिवसापासून लावतो.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातील लोकांनी मान्य करायला हवी. पार्टीच्या गेटवर गाडी अडकली, तर आम्ही पार्टीकडून हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) मागतो, म्हणजे उभ्या गाडीच्या वेळेची किंमत आम्हाला पक्की ठाऊक असते. त्याच गाडीत बसून राहिलेल्या चालकाला त्या हॉल्टिंगमधून काही मिळाले, असे क्वचितच दिसते.

उत्तर ३ (कामगार कायद्याचे काम पाहणारा, सिव्हिल लाईन्स)

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ याने चालकाच्या कामाच्या तासांत चाक फिरण्याचा वेळ तर धरलाच, शिवाय वाहनाची देखभाल व दुरुस्ती, माल चढवणे-उतरवणे, वाहन ताब्यात घेणे व जागेवर लावणे आणि नोंदवह्यांवर सह्या करणे अशी गाडी बाहेर नसतानाची पूरक कामेही धरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. ही मांडणी तिथेही कायम आहे. त्यामुळे ग्रीसिंग, ताडपत्री आणि धर्मकाट्याची फेरी या तिन्ही गोष्टींबाबत मुनीमजींचे म्हणणे टिकणारे नाही. दुबळी बाजूही सांगतो. पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळची नुसती हजेरी कामाच्या वेळेत मोजली जाते, पण गाडी भरण्याची वाट पाहत काही न करता घालवलेल्या लांब वेळेवरून मालक वाद घालू शकतो. म्हणून मागणी करताना प्रत्यक्ष केलेल्या कामांवर भर द्यावा.

मजुरीचा प्रश्न वेतन संहिता, २०१९ खाली येतो आणि ती लहान-मोठ्या सर्व आस्थापनांना लागू आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार झालेला नसेल, तर केवळ ट्रेनी म्हटल्याने कोणी कर्मचारी असण्यातून वगळला जात नाही आणि त्याला किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्याचा दर दुप्पट असतो. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, अधिकारी मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकतो, आणि रक्कम दिली होती हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कंपनीत दहा किंवा अधिक कामगार असतील, तर नेमणुकीचे पत्र देणेही बंधनकारक आहे.

तासांचा हिशेब पैशांपुरता नाही. दिवसभर यार्डात राबलेल्या माणसाला त्याच रात्री समृद्धीवर गाडी घेऊन पाठवले, तर कागदावर त्याचा दिवस टोलनाक्यावरून सुरू होतो, पण त्याचे डोळे सकाळपासून उघडे असतात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. परवाना आजच मागायला सांगतो. पण हजेरीपटावर त्याचे नावच नसेल, तर तो तिथे काम करत होता हे कशावरून दाखवायचे?

उत्तर ३

धर्मकाट्याच्या पर्चीवर गाडी नंबर, तारीख आणि वेळ छापलेली असते. ट्रेलर नेल्यावर प्रत्येक पर्चीचा फोटो त्याने काढून ठेवावा. पार्टीच्या गेटपासवर बहुधा चालकाचे नाव आणि आत-बाहेरची वेळ असते, त्याचाही फोटो घ्यावा. फास्टॅगची नोंद मालकाच्या खात्यावर असते, ती पुढे दाव्यात मागवून घेता येईल. मुनीमजी फोनवर काम सांगत असतील, तर "आज यार्डात ही कामे केली" एवढा साधा व्हॉट्सॲप संदेश रोज संध्याकाळी त्यांना पाठवत जावा. लगेच तक्रारीची भाषा करू नये. आधी तारखा व कामे लिहून लेखी मागणी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर तोच कागद घेऊन अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे.