महामारीत फुटबॉलपटूंनी पगार सोडायला हवा होता का?

भुसावळकर (धागाकर्ता)

२०२० मध्ये युरोपातल्या फुटबॉलपटूंच्या पगारावरून जो गदारोळ झाला, त्यात खेळाडूंवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. परवा आमच्या ग्रुपवर सगळे उलट बोलत होते, म्हणून इथे नीट लिहितो.

१३ मार्चला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वात वरच्या श्रेणीची फुटबॉल स्पर्धा, थांबली. २ एप्रिलला ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जाहीरपणे सांगितलं की प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगार कमी घेऊन हातभार लावावा. क्लबांच्या अब्जाधीश मालकांचं नावही नाही. दुसऱ्याच दिवशी क्लबांनी ३० टक्के पगार कापायचा किंवा पुढे ढकलायचा प्रस्ताव आणला. खेळाडूंच्या संघटनेने हिशेब मांडला: वर्षभर अशी कपात झाली तर ५० कोटी पौंडांहून जास्त पगार जाईल आणि सरकारचा २० कोटी पौंडांचा कर बुडेल. करावर चालणाऱ्या ज्या सरकारी दवाखान्यांसाठी मदत मागताय, तोटा त्यांच्याच तिजोरीला, आणि वाचलेला पैसा मालकाकडे!

त्याच आठवड्यात टॉटनहॅम आणि लिव्हरपूल या क्लबांनी आपल्या साध्या कर्मचाऱ्यांना सरकारी योजनेत ढकललं. ८० टक्के पगार, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देणार. लोक चिडले तेव्हा लिव्हरपूलने दोन दिवसांत माघार घेतली, टॉटनहॅमने काही दिवसांनी. खेळाडूंनी मात्र ८ एप्रिलला स्वतःचा निधी उभा केला. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन पुढे होता आणि पैसा थेट आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे गेला. पैसा कुठे जाणार ते आधी सांगा, मग पगारातला वाटा मागा.

केळीबाग_रावेर

भाऊ, पटलं नाही. त्या एप्रिलमध्ये आमच्याकडे घड झाडावरच पिकत होते, माल कापायला व्यापारी फिरकत नव्हता. आवकच नाही तर मजुरी द्यायची कुठून, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. क्लबांचंही तेच झालं. तिकीटविक्री शून्य, वर टीव्हीवाल्यांना पैसे परत करायची वेळ. डेलॉइट या हिशेब तपासणाऱ्या कंपनीच्या आकड्यांप्रमाणे प्रीमियर लीगच्या क्लबांचं उत्पन्न सुमारे ५२० कोटी पौंडांवरून २०१९-२० मध्ये ४५० कोटींवर आलं, आणि उत्पन्नातला पगाराचा वाटा ६१ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर गेला.

स्पेनच्या बार्सिलोना क्लबच्या खेळाडूंनी ३० मार्चलाच ७० टक्के कपात मान्य केली, शिवाय बाकी कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वेगळी भर घातली. इटलीच्या ज्युव्हेंटस क्लबच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकाने मिळून ९ कोटी युरोंचा भार हलका केला. त्यांना जमलं ते इंग्लंडवाल्यांना का जमू नये?

शिरपूरची_लेक

रावेरवाले दादा, माझे वडील सालदार होते. आखाजीला साल ठरायचं, आणि एकदा ठरलं की ठरलं. ज्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी मालकाने वडिलांना वरचा एक रुपया दिला नाही, आणि वडिलांनी मागितलाही नाही. मग पीक बुडालं की साल कापायचा हक्क मालकाला कुठून आला? माझी आई हेच विचारायची, आणि मला अजून त्याचं उत्तर मिळालेलं नाही. आठवड्याला लाख पौंड घेणाऱ्याची आणि सालदाराची बरोबरी होत नाही, हे मलाही कळतं. पण रक्कम मोठी असली म्हणून करार पातळ होत नाही. स्वित्झर्लंडच्या सियों क्लबने मार्च २०२० मध्ये कमी पगार मान्य न करणाऱ्या नऊ खेळाडूंना काढून टाकलं. त्यात अलेक्स साँग आणि योहान जुरू होते. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूंना सही करायला थोडे दिवस देऊन बाहेर काढतात, तर नाव नसलेल्याची काय गत?

धुळेकर

ताई, हाई गोट खरी शे. लंडनच्या आर्सेनल क्लबचंच घ्या. एप्रिलमध्ये खेळाडूंनी साडेबारा टक्के कपात मान्य केली. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ जणांच्या नोकऱ्या जाणार असं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये साडेचार कोटी पौंड मोजून थॉमस पार्टे हा नवा खेळाडू घेतला. कपात कोणासाठी होती मग?

हिशेबनीस_जळगाव

मी ताळेबंद बघणारा माणूस, मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. कापलेला पगार आणि पुढे ढकललेला पगार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढकललेला पगार म्हणजे क्लबवर खेळाडूचं कर्जच, ते पुढच्या वर्षी उभं राहतंच. त्यावर कोणी बोलत नाही.

आणि बार्सिलोनाचं उदाहरण देताना पुढचंही सांगा. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी १३५ कोटी युरोंचं कर्ज जाहीर केलं, पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के होते, आणि मेस्सीला सोडावं लागलं. रोग आधीचा होता. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये, महामारी यायच्या आधीच्या २०१८-१९ च्या मोसमात १०० पौंड उत्पन्नामागे १०७ पौंड पगारावर जात होते. असे करार करताना मालकाने सही केली आणि खेळाडूच्या एजंटनेही भाव ताणला. म्हणून खेळाडू अगदीच निर्दोष आहेत असं भुसावळकर म्हणतात ते मला मान्य नाही.

भुसावळकर

भाव ताणणं हा गुन्हा कसा? न परवडणाऱ्या करारावर सही करणारा मालक. जोखीम त्याची.

केळीबाग_रावेर

आर्सेनलने केलं ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण खालच्या श्रेणीतल्या क्लबांचं बोला ना. तिथे गेटवरच्या पैशावर घर चालतं, आणि तिथला खेळाडू तुमच्याआमच्यासारखा हप्ते फेडणारा असतो. जर्मनीत बायर्न, डॉर्टमुंड, लाइपझिग आणि लेव्हरकुसेन या चौघांनी मार्चमध्येच छोट्या क्लबांसाठी २ कोटी युरो काढून ठेवले. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने खालच्यांसाठी २५ कोटी पौंडांची सोय केली ती डिसेंबरमध्ये, त्यातले २० कोटी तर चॅम्पियनशिपच्या क्लबांना कर्ज म्हणून. मधल्या नऊ महिन्यांत वरच्या खेळाडूंनी त्या पोरांसाठी तोंड उघडायला हवं होतं. करार त्यांचेही होतेच की, भुसावळकर.