मदत हवी आहे: चौदा वर्षांच्या भाचीला राष्ट्रीय शिबिराला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

माझी भाची फुटबॉल खेळते. मिडफिल्डला, डावखुरी. यंदा महाराष्ट्राच्या ज्युनियर मुलींच्या संघात होती. तिथला खेळ बघून अंडर-17 राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिरासाठी तिचं नाव पुढे गेलंय. बोलावणं आलं तर बरेच आठवडे मुंबईबाहेर राहावं लागेल. घरात सगळे खूश आहेत, पण एकमत नाही. ताई म्हणाली, तू जाणकारांना विचार. म्हणून हा धागा.

भाऊजींचं म्हणणं, आलेली संधी सोडायची नाही. लामिन यमाल सोळाव्या वर्षी स्पेनकडून खेळला, मग आपली पोर का नको? मला त्याच उदाहरणाने धास्ती वाटते. यमाल सप्टेंबर 2023 मध्ये देशाकडून उतरला, पण त्याआधी एप्रिलमध्येच, पंधरा वर्षांचा असताना, बार्सिलोना क्लबच्या मुख्य संघातून ला लीगा, म्हणजे स्पेनची सर्वात वरची लीग, खेळला होता आणि नव्या मोसमात नियमित खेळत होता. याउलट थिओ वॉलकॉट. सतरा वर्षांच्या या मुलाला इंग्लंडने 2006 च्या वर्ल्ड कपला नेलं, तेव्हा तो प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगचा, एकही सामना खेळलेला नव्हता. अख्ख्या स्पर्धेत त्याला एक मिनिटही मिळालं नाही.

भाचीचं घोडं इथेच अडतंय. सराव भरपूर आहे, रविवारी टर्फच्या छोट्या मैदानावर मुलांबरोबरही खेळते. पण मोठ्या मैदानावरचे, अकरा-अकराचे, ज्यात हरलं तर खरंच काही जातं असे सामने वर्षाकाठी बोटावर मोजण्याइतके. टर्फवर चेंडू यायच्या आधीच तिची मान वर असते, कोण कुठे आहे ते तिला ठाऊक असतं. राज्याच्या सामन्यात तासाभराने बघितलं तर मान खाली. चेंडू आला की आधी पायाकडे बघायची, मग माणूस शोधायची, तोवर समोरची मुलगी अंगावर आलेली. एरवी डोळे झाकून देते तो आडवा पास दोनदा थेट त्यांच्या पायात गेला. नंतर म्हणाली, "मामा, मी दमले नव्हते, मला सुचतच नव्हतं." मला ते पटलं. त्या वेगात इतका वेळ डोकं चालवायची सवय कुठून येणार?

2022 च्या मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये भुवनेश्वरला आपण अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3 आणि ब्राझीलकडून 0-5 हरलो. त्या मुली जिवाच्या आकांताने धावत होत्या. कमी होते ते सामने, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय दोन गोष्टी. तिचा जन्म नोव्हेंबरचा आणि वयोगट मोजतात 1 जानेवारीपासून, म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या मुलीपेक्षा ती जवळजवळ वर्षाने लहान असूनही त्याच गटात. आणि गेल्या वर्षभरात उंची झपाट्याने वाढलीय, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लाटर सांगितलं. वाढीच्या वयात होतं, जाईल म्हणाले. यंदा दहावीही आहे.

मुलगी तयार आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? आणि शिबिरवाल्यांना आधी काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद – बोरिवलीकर आई

माझी लेक अशा शिबिराला जाऊन आली, अंतिम संघात आली नाही. परत आल्यावर महिनाभर बुटांची पिशवी उघडली नाही. खेळात कुठे कमी पडली हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याचं दुःख जास्त होतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: निवड झाली नाही तर कोच तिच्याशी बोलणार का, काय सुधारायचं ते सांगणार का? मग सराव सामने किती, मुलींसाठी महिला फिजिओ आहे का, पाळीच्या दिवसांत मोकळेपणाने सांगायला कोण आहे, रोज घरी फोन करता येईल का. आणि भाचीला एकटीला बसवून विचारा, तिला स्वतःला जायचंय की बाबांसाठी जायचंय. चौदाव्या वर्षी मुली हे सगळ्यांसमोर बोलत नाहीत.

दहावीचं: राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे क्रीडा गुण असतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून बोर्डाकडे जातो. प्रमाणपत्रं आत्तापासून एका फाईलला लावा. पासपोर्टही काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

प्रतिसाद – पायचेंडू

मी वयोगटाच्या मुलामुलींना शिकवतो. गुडघ्याकडे दुर्लक्ष नको. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभी करून उंची लिहून ठेवा. ती भराभर वाढतेय तोवर उड्या आणि स्प्रिंट कमी, आणि दुखतंय हे शिबिराच्या कोचला लेखी कळवा. नाव कापलं जाईल म्हणून मुलं दुखणं लपवतात. गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटण्याचा धोका या वयापासून मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त. त्यासाठी 'फिफा इलेव्हन प्लस' हा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे. नॉर्वेत 125 क्लबांमधल्या 13 ते 17 वयाच्या मुलींवर तो तपासला, 2008 मध्ये निष्कर्ष आले, गंभीर दुखापती बऱ्याच कमी झाल्या. फुकट आहे, घराजवळच्या मैदानावर होतो. हिमोग्लोबिनही तपासून घ्या, या वयाच्या मुलींत लोह कमी निघतं आणि आपण त्याला स्टॅमिना नाही म्हणतो.

तयारीचं म्हणाल तर मी विसाव्या मिनिटाचा खेळ बघतच नाही, सत्तराव्याचा बघतो. आणि चूक केल्यावर पुढचा चेंडू मागते की लपते, ते बघतो. तुमची भाची मागत होती का?

नोव्हेंबरच्या जन्माची काळजी नको. उशिरा वाढणारी मुलं या वयात मागे पडलेली दिसतात, पुढे भरून काढतात. आपल्या मुंबईचा राहुल भेके 2019 मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा 28 वर्षांचा होता.

प्रतिसाद – धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पायचेंडू, हो, मागत होती. दुसरा पास चुकल्यावरही हात वर करून चेंडू मागितला, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

काल ताई-भाऊजींशी बोललो. बोलावणं आलं तर पाठवायचं, पण गुडघ्याचं पत्र सोबत देऊन, आणि परत आल्यावर सामने मिळतील अशी सोय आधी करून. त्यासाठीच अजून एक विचारतो. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या महिला लीगमध्ये चौदा वर्षांच्या मुलीला खेळवणारा एखादा क्लब माहीमपासून बांद्र्यापर्यंत कुणाला माहीत आहे का? राखीव बाकावर बसली तरी चालेल, पण मोठ्या मुलींबरोबर दर आठवड्याला मैदानात असायला हवी.