लाकडी बांधकाम शिकताना आधी पटाशी की आधी संगणक?

कडीपाट:
इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात हूक पार्क नावाचे जंगल आहे. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या विद्यार्थ्यांनी तेथे २०१६ मध्ये लाकडी ढलप्या साठवण्यासाठी एक कोठार बांधले. बीच वृक्षांची वीस बेचकी निवडून त्यांचे त्रिमितीय स्कॅन केले, त्यांची मांडणी संगणकाने जुळवली आणि सांधे रोबोच्या हाताने कोरून घेतले. मी वास्तुकला शिकवतो आणि हे उदाहरण दरवर्षी वर्गात दाखवतो. हाताने लाकूडकाम शिकण्याची आता गरज उरली नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी त्यावरून काढतात तेव्हा मी अस्वस्थ होतो.

माझे मत असे की, पहिल्या वर्षी प्रत्येकाने करवत, रंधा आणि पटाशी घेऊन खाच आणि कूस (खाचेत घट्ट बसणारे लाकडाचे टोक) यांचा एक तरी सांधा स्वतः बसवावा आणि मगच संगणकाकडे वळावे. लाकूड वाळताना वाढवलयांना समांतर जेवढे आकसते, ते गाभ्यापासून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. हे वाक्य परीक्षेपुरते पाठ होते. परंतु पावसाळ्यात ठोकून बसवलेली कूस उन्हाळ्यात हलू लागली की त्याचा अर्थ कळतो. पडद्यावरच्या लाकडाला ना ओल असते, ना रंधा अडवणारे उलटे तंतू.

सूचिपर्ण:
आपण दिलेले उदाहरण आपल्याच मताच्या विरोधात जाते, असे मला वाटते. वाकडे लाकूड बांधकामातून संगणकाने घालवले नाही. ते सॉ मिलने आणि ठरावीक मापांच्या बाजाराने घालवले. कोकणात होड्या बांधणारे सुतार सांगाड्यासाठी मुळातच बाक असलेले लाकूड निवडत, कारण त्यात तंतू वळणाबरोबर जातात आणि ताकद टिकते. घरबांधणीत ही निवड परवडेनाशी झाली होती. स्कॅनिंगमुळे ती पुन्हा शक्य होत आहे. झ्युरिकमध्ये जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी २०१३ मध्ये पूर्ण केलेली टामेडिया या माध्यमसमूहाची सात मजली इमारतही पाहावी. तिच्या लाकडी सांगाड्याचे मुख्य सांधे धातूच्या जोडण्यांशिवाय एकमेकांत बसतात, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत तितकी अचूकता संगणकनियंत्रित यंत्रामुळे साधली. विद्यार्थ्याचे पहिले वर्ष एका सांध्यात खर्च करण्यापेक्षा त्याला लाकडाचे तंतू ओळखणारी मांडणी शिकवणे मला अधिक मोलाचे वाटते.

उथळे:
मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो. एका वाड्यात कोरीव सागवानी महिरपींचे तुकडे आम्ही सीएनसी म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रावर करून घेतले. सारखे तुकडे भराभर झाले, नक्षीही नेटकी उतरली. मात्र आराखड्यात सगळे खांब ओळंब्यात धरलेले होते आणि प्रत्यक्षात दोन खांब खणाच्या आत झुकलेले होते. आमच्या वयस्कर सुतारांनी प्रत्येक तुकडा जागेवर धरून, पटाशीने अंगाअंगाने तासून बसवला. त्या कामाला यंत्राएवढाच वेळ लागला आणि तेवढी समज यंत्र चालवणाऱ्या मुलाकडे नव्हती. तो हुशार होता, पण त्याने लाकूड कधी तासलेच नव्हते.

सूचिपर्ण:
आपला अनुभव मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. चूक आराखड्याची होती. खांबांचे आधी स्कॅन केले असते तर तो कल मापात आला असता आणि तासण्याचे बरेचसे काम वाचले असते.

उथळे:
झुकाव मापात आला असता, हे खरे. परंतु खांबाचे बूड उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, कुजले आहे का, तुळईचे भिंतीतले टोक आतून पोकळ झाले आहे का, हे त्या सुतारांनी वाकसाच्या (लाकूड तासण्याच्या हत्याराच्या) दांड्याने ठोकून, आवाजावरून ओळखले. स्कॅनमध्ये फक्त पृष्ठभाग दिसतो.

कडीपाट:
सूचिपर्ण यांचा सॉ मिलविषयीचा मुद्दा मी स्वीकारतो. त्या बाजूने मी विचार केला नव्हता. ‘आधी हात, मग संगणक’ हा क्रमही मी सोडून देण्यास तयार आहे. तरीही हातकाम अभ्यासक्रमातून वगळणे मला मान्य नाही. यंदा प्रत्येक गटाला बाभळीचे एक ओले बेचके द्यावे, त्याचे पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तीन महिन्यांनी स्कॅन करून घ्यावे आणि मधल्या काळात त्यात हाताने एक सांधा कोरून घ्यावा, असा माझा विचार आहे. सूचिपर्ण यांनी स्कॅनची बाजू सांभाळली, तर त्या दोन स्कॅनमधला फरक आपण याच धाग्यावर मांडू.