मदत हवी आहे: काखेतल्या गाठी काढल्यावर हातातल्या रोगप्रतिकारक पेशी जातात कुठे?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याचे. आईच्या उजव्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठीही काढाव्या लागल्या. तब्येत आता छान आहे, पण हाताला थोडी सूज कायम असते, दिवसा सूज दाबून धरणारी घट्ट स्लीव्ह घालते. मध्यंतरी चेंदणीच्या कोळणीकडून घेतलेली कोळंबी साफ करताना तिच्या डोक्यावरचा काटा आईच्या बोटात घुसला. एरवी आपण हात धुऊन कामाला लागतो. आईचा हात मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोपराच्या वर लाल, गरम आणि टम्म फुगलेला. मनगटाशी अंगठा दाबला की पडलेला खळगा भरूनच येईना. रात्री हुडहुडी भरून ताप. सेल्युलायटिस (कातडीत खोलवर जंतुसंसर्ग) झाला म्हणून ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक दिली. आता बरी आहे.

उपचाराचा सल्ला नकोय, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला आत नेमकं काय घडतं ते समजून घ्यायचंय. "पुन्हा होऊ शकतं, जपा" एवढ्यावर जीव शांत होत नाही.

वाचून जे कळलं ते मांडते. काटा टोचला की कातडीतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूंचे तुकडे उचलतात. (राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये या पेशींची ओळख करून दिली. २०११ चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीनच दिवस आधी स्टाइनमन गेले होते. वाचून गलबलून आलं.) मग त्या पेशीवर सीसीआर७ नावाचे रिसेप्टर (रसायन ओळखणारे रेणू) वाढतात. बारीक लिम्फवाहिन्यांच्या (ऊतींतलं पाणी, म्हणजे लिम्फ, वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंती सीसीएल२१ नावाचं रसायन सोडतात, त्याच्या मागावर पेशी सरपटत जाते. तिथे भिंतीच्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात, बाहेरून रेटा आला की दवाखान्याच्या झुलत्या दरवाजासारख्या आत उघडतात. आत शिरल्यावरही ती लगेच वाहत नाही, भिंत धरून सरकत राहते. पुढे झडपा असलेली मोठी वाहिनी लागली की प्रवाहाबरोबर गाठीत पोहोचते. आणलेला तुकडा ओळखणारी टी पेशी (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) तिथे भेटली की त्या एकीच्या हजारो होतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं तेही यातूनच: टी पेशींचं गाठीत येणं वाढतं आणि बाहेर पडणं काही काळ थांबतं.

आता माझी अडचण. आईच्या काखेत यातल्या बहुतेक गाठी नाहीतच. मग बोटातून निघालेली पेशी वाटेत अडकून पडते का? आणि तयार झालेल्या टी पेशी हातापर्यंत परत येतात त्या याच तुंबलेल्या वाटेने? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी खारघरला राहतो, इम्युनॉलॉजीत पीएचडी करतोय. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण दिलासा तिथे आहे. परतीची वाट लिम्फची नाही, रक्ताची आहे. गाठीतून निघालेल्या टी पेशी मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत उतरतात, तिथून हृदयात, मग धमन्यांतून सगळीकडे. सुजलेल्या जागेच्या रक्तवाहिन्यांना आतून चिकट रेणू आलेले असतात, त्यांना धरून त्या तिथेच बाहेर पडतात. लिम्फोसाइट (टी पेशी त्यांतल्याच) रक्तातून लिम्फमध्ये आणि पुन्हा रक्तात फिरत राहतात, हे ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर दाखवलं होतं. काही तासांत धावून येणारे न्यूट्रोफिलही (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तातूनच येतात. म्हणजे आईच्या हाताकडे येणारी वाट शाबूत आहे.

अडचण जाण्याच्या वाटेची. काखेतल्या झाडून सगळ्या गाठी सहसा काढत नाहीत. शिवाय लिम्फ आडवाटा शोधतो: गळ्याच्या हाडाजवळच्या गाठींकडे, काही जणांत छातीतल्या किंवा पलीकडच्या काखेतल्या गाठींकडेही. डाय टोचून केलेल्या तपासणीत हे दिसतं. पण आडवाटेने सगळा लिम्फ जात नाही. उरलेला प्रथिनांसकट हातात साचतो, जंतूंचं फावतं आणि पेशींनाही वेळेत निघता येत नाही. त्यात सुजलेल्या हातात सीडी४ जातीच्या टी पेशी गोळा होतात, त्यांच्यामुळे ऊती कडक होत जातात आणि वाहिन्यांचं आकुंचन मंदावतं. म्हणून सेल्युलायटिसचा प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची सोय करून ठेवतो. डॉक्टरांचं "जपा" म्हणजे हे आहे. साधा ओरखडाही त्याच दिवशी दाखवा.

मूळ लेखिका

मनापासून आभार. येणारी वाट शाबूत आहे हे आईला वाचून दाखवलं, तिचा चेहरा खुलला. आणखी एक विचारते. स्लीव्ह घालून हाताचे व्यायाम केले की साचलेला लिम्फ पुढे सरकतो, हे फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय. पण सुरुवातीच्या बारीक वाहिन्यांत पेशी स्वतःच सरपटत असतील, तर त्या टप्प्यात व्यायामाने काही फरक पडतो का, की फायदा मोठ्या वाहिनीत पोहोचल्यावरच?