चढावर गाडी मागे न जाता कशी उचलावी?

नवचालक: मी सध्या शिकाऊ परवान्यावर पेट्रोलची लहान गाडी चालवायला शिकत आहे. सपाट रस्त्यावर गिअर बदलणे जमू लागले आहे. परंतु उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक तुंबली की पुन्हा निघताना गाडी मागे सरकते आणि घाईने क्लच सोडला तर बंद पडते. प्रशिक्षक हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी धरून ठेवायला सांगतात, तर घरचे म्हणतात की हँडब्रेक लाव. यांतले योग्य काय?

घाटवाट: घरच्यांचेच ऐका. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, ॲक्सिलरेटर किंचित दाबावा आणि क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यावा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटते. तेथेच डावा पाय स्थिर ठेवून हँडब्रेक सोडला की गाडी मागे न जाता पुढे निघते. हे ठिकाण प्रत्येक गाडीत थोडे वेगळे असते. म्हणून आधी मोकळ्या मैदानात ॲक्सिलरेटरला पाय न लावता, केवळ क्लचवर गाडी हळूहळू चालवण्याचा भरपूर सराव करावा. माझ्या मते शिकवणीत सर्वांत जास्त वेळ यालाच द्यायला हवा, पण नेमका तोच दिला जात नाही.

सह्याद्रीकर: वरील उत्तराशी सहमत आहे. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर) घासत राहते, तापते आणि जळका वास येऊ लागतो. प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरीही बरीच होते. चढावर गाडी थांबवून धरणे हे ब्रेकचे काम आहे; क्लच फक्त निघण्यापुरता.

नवचालक: मनःपूर्वक आभार. हे जमल्यावर ताम्हिणीमार्गे कोकणात जाण्याचा विचार आहे. तेथे आणखी काय सांभाळावे?

घाटवाट: आधी पक्का परवाना हाती येऊ द्या. घाट उतरताना गाडी कधीही न्यूट्रलमध्ये टाकू नका. जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो उतारही दुसऱ्यातच उतरावा, म्हणजे इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे. त्याला मध्येच थांबावे लागले, तर त्याच्यापुढेही तुमचाच आजचा प्रश्न उभा राहतो.