सपीना धुडकावणाऱ्याला तुरुंगात टाकावं का?

रानवाट:
अमेरिकेत सपीना म्हणजे साक्षीला या किंवा कागदपत्रं हजर करा, असा कायदेशीर हुकूम. मला तरी यात गुंतागुंत दिसत नाही. हुकूम मोडला, आत जा. कॅपिटॉलवरच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवरच्या, २०२१ मधल्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांना बोलावलं. ते गेले नाहीत, एक कागदही दिला नाही. २०२२ साली दोषी ठरले आणि २०२४ मध्ये चार महिने तुरुंगात काढले. बड्या माणसाला सूट मिळाली, तर उद्या साक्षीला येणार कोण?

तिसरा प्रहर:
मग ज्युडिथ मिलर यांचं काय? २००५ मध्ये ही पत्रकार ८५ दिवस तुरुंगात होती. सीआयएच्या अधिकारी महिलेचं नाव फुटल्याचं ते प्रकरण. मिलर यांनी त्यावर बातमी छापलीही नव्हती. फक्त माहिती देणाऱ्याला नाव न सांगण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला, म्हणून साक्ष नाकारली. त्याने स्वतः मोकळीक दिल्यावरच त्या बोलल्या. अशा बाईला गुन्हेगारांच्या रांगेत बसवायचं? मला हे सहन होत नाही.

कोरा कागद:
तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालताय. मिलर यांना शिक्षा झालीच नव्हती, तो दबाव होता. साक्ष दिली की त्याच दिवशी सुटका, नाहीतर ग्रँड ज्युरीची, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, मुदत संपेपर्यंत कोठडी. कायद्याने कमाल १८ महिने. बॅनन यांची शिक्षा फौजदारी. निकालानंतर कागदांचा ढीग आणून दिला असता तरी गुन्हा पुसला गेला नसता. आणि हुकूम अन्यायाचा वाटला, तर तो रद्द करा असा अर्ज न्यायालयात करता येतो. उत्तराने स्वतःच अडकणार असाल, तर त्या प्रश्नापुरतं गप्प राहण्याचा हक्क आहे. घरी बसून राहण्याचा नाही.

तिसरा प्रहर:
अर्ज करून मिलर यांना काय मिळालं? पत्रकारांना ग्रँड ज्युरीपुढे सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलंय. दार आहे म्हणता, पण त्याला कुलूप आहे! तिकडे ट्रम्प यांचे व्हाइट हाउसमधले चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांनीही त्याच समितीपुढे साक्ष दिली नाही; त्यांच्यावरही संसदेच्या प्रतिनिधी सभागृहाने अवमानाचा ठपका ठेवला, पण न्याय खात्याने खटलाच भरला नाही.

रानवाट:
मेडोज यांचं खटकतं, मान्य. खटला भरायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर सोडलं, की माझा मुद्दा लंगडा पडतो. पत्रकारांसाठी संघराज्य पातळीवर संरक्षणाचा कायदा हवा, हेही पटलं. पण बॅनन यांच्याबाबत मी तसूभर हलणार नाही. ते कुणाला दिलेला शब्द पाळत नव्हते.